घागरभर जुनं पाणी

टाकीतले चारही मासे माझ्या हातून मेले, आणि नाव मी वडिलांचं घेतलं. चूक कळलीच नसती तर एक वेळ समजण्यासारखं होतं. मला ती आठ दिवसांत कळली, आणि त्यानंतर मी आठ महिने गप्प राहिलो.

मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मुलगी घरात होती. मग तिला नागपूरला नोकरी लागली आणि संध्याकाळी कुलूप उघडायची माझ्यावर वेळ आली. कुलूप उघडलं की आतली हवा सकाळी सोडून गेलो तशीच असायची. चहाचा कप ओट्यावर जिथे ठेवला तिथेच. मुलीनं माझं फोनवरचं बोलणं ऐकून काय ओळखलं कोण जाणे, तिनं आमच्या गावी, केनवडला, आजोबांना गळ घातली, "आबा, बाबांजवळ जाऊन राहा ना थोडे दिवस." वडील एक पिशवी घेऊन आले.

पण दोन पुरुष एका घरात राहिले म्हणून घर बोलायला लागतं असं नाही. भाजीत मीठ पुरे आहे का, गॅस बंद केला का, एवढंच आमचं बोलणं. वडिलांचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं. इथे ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मोटरसायकली बघायचे.

वाशिमला एका दातांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा माशांची टाकी नीट पाहिली. अर्धा तास नंबर येईपर्यंत मी मोबाइल काढला नाही, एवढंच मला आठवतं. पुढच्या रविवारी त्याच गावातल्या एका दुकानातून दोन फुटांची टाकी, पांढरी खडी, पाणी गाळायचं यंत्र आणि हवेचा पंप घेऊन आलो. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं, "सर, आधी पाणी भरून ठेवा. दोन दिवस तसंच राहू द्या. मासे नंतर." मी शिक्षक माणूस, सगळं कागदावर लिहून घेतलं. दोन दिवस नुसत्या पाण्यात पंप चालवला. तिसऱ्या दिवशी चार गोल्डफिश आणले. पिशवी तशीच बंद करून पाण्यावर तरंगत ठेवली, वीस मिनिटांनी तोंड सोडलं. वडील चष्मा लावून शेजारी उभे होते.

"हे झोपतात का रे?"

"झोपतात. पण डोळे उघडेच. पापणीच नसते त्याइले."

"मंग तुह्यासारखेच हायेत," ते म्हणाले. मला रात्री झोप लागत नाही हे त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी खुर्ची खिडकीपासून टाकीकडे वळवली. सकाळी उठल्यावर पहिलं काम माशांना खाणं घालायचं. त्यांची सावली काचेवर पडली की चारही मासे वर यायचे. चिमूटभर दाणे टाकून झाले की ते हळूच भाकरीचा चुराही टाकायचे. मी एकदा म्हणालो, "बाबा, जास्त नका टाकू, पाणी नासते."

"वावरातल्या इहिरीतल्या माशाइले चाळीस वर्ष टाकून राह्यलो. एक नाई मेला."

एकदा त्यांनी विचारलं, "एवढ्याशा डबक्यात करमते का याइले?"

"करमावं म्हणून तर चार आणले."

"आन तुले?" ते म्हणाले. मी हसलो.

त्या दिवसांत आम्ही बोलायला लागलो होतो. कोणता मासा दांडगा आहे, कोणता दुसऱ्याच्या तोंडातलं पळवतो, इतकंच. पण शाळेतून येताना मला घरी सांगण्यासारखं काहीतरी असायचं आणि घरी ऐकणारं माणूस असायचं.

आमच्याकडे नळ आठव्या-नवव्या दिवशी येतो. नळाचा दिवस म्हणजे सगळ्या गल्लीची धावपळ. आधीच्या नळाचं उरलेलं पाणी शिळं, ते कोणी ठेवत नाही. ड्रम, बादल्या, माठ रिकामे करायचे, घासायचे आणि ताजं भरायचं. बायको होती तेव्हाही असंच होतं, मीही तसंच करत आलो. त्या दिवशी वडील देवळात गेले होते. मी सगळी भांडी भरली आणि नळाला अजून धार होती. टाकीचं पाणी जरा गढूळ दिसत होतं. मला वाटलं, सगळं घर ताजं झालं, हेच एक शिळं कशाला? मासे बादलीत काढले. टाकीतलं सगळं पाणी जास्वंदीला ओतलं. खडी नळाखाली चोळून धुतली. गाळायच्या यंत्रातला स्पंज काळा झाला होता, तो पांढरा होईपर्यंत पिळला. टाकी भरली, मासे सोडले आणि शाळेत गेलो. पाण्याला औषधाचा वास येत होता. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त पडली की येतो तसा. मी विज्ञानाचा मास्तर, मला तो वास आला होता.

दुपारी आलो तेव्हा दोन मासे आडवे झाले होते. संध्याकाळपर्यंत चारही. वडील टाकीपुढे बसून होते.

"काहून झालं रे असं?"

आणि मी म्हणालो, "काहून म्हणजे? सांगत होतो ना, भाकरी टाकू नका! मारले ना शेवटी!"

ते चष्मा काढून धोतरानं पुसत राहिले. मुलीचा फोन आला तेव्हा मी तिलाही तेच सांगितलं. तिनं गमतीनं त्यांना विचारलं, "काय आबा, पाहुण्यांना फार आग्रह केला म्हणे?" फोन स्पीकरवर होता. वडील म्हणाले, "हाव बाई. चुकलंच."

चौथ्या दिवशी, शेताकडे काम आहे म्हणून ते केनवडला निघून गेले. शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं. काम काही नव्हतं.

आठवड्यानं मी पुन्हा मासे आणायला दुकानात गेलो. आधीचे मेले म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं, "पानी किती बदललं?"

"सगळं."

"नळाचं? त्याच दिवशीचं?"

"हो."

"आन स्पंज?"

"स्वच्छ धुतला."

तो म्हणाला, "सर, घाण खानारे जिवाणू त्या काळ्या स्पंजातच राहतात. ते तुमी धुऊन टाकले. वरून पावडरचं ताजं पानी. मासे वाचतील कसे?"

मी भाकरीबद्दल विचारलं. आशा होती की तो म्हणेल, तेही कारण असेल. तो म्हणाला, "चुऱ्यानं पानी गढूळ होते. चार मासे एका दिवसात मरत नाईत."

मी मासे न घेताच बसमध्ये बसलो. बसमध्ये मला आमची विहीर आठवली. मी नऊ-दहा वर्षांचा असताना उन्हाळ्यात तिचा गाळ काढायचे. वडील आधी खाली उतरून मासे धरायचे आणि विहिरीच्याच जुन्या पाण्यानं भरलेल्या घागरीत ठेवायचे. त्या घागरीजवळ सावलीत बसायचं काम माझं. खाली ताजे झरे फुटले तरी मासे लगेच सोडायचे नाहीत. मी घाई केली की ते खालून ओरडायचे, "थांब लेका! त्याइले त्याइचं पानी लागते. नवं झेपत नाई." हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचण्याआधीपासून माहीत होतं.

तरी मी आठ महिने काही बोललो नाही. दर रविवारी फोन करायचो. जेवले का? जेवलो. तू? जेवलो. मग, ठेवू का? रिकाम्या टाकीत पाणी होतं, पंपही चालू होता. तो बंद केला की घर फार मोठं वाटायचं. खुर्ची टाकीकडे तोंड करून तशीच होती. मी ती वळवली नाही आणि तिच्यावर बसलोही नाही.

मागच्या महिन्यात बटई करणाऱ्याच्या बायकोचा फोन आला. सहज बोलता बोलता ती म्हणाली, "भाऊजी, तुमचे बुवा आता इहिरीत माशाइले खायले नाई टाकत. मी इचारलं कायले, तं कायी सांगतच नाईत."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि मोटरसायकलनं केनवड गाठलं. वडील विहिरीच्या काठावर बसले होते. शेजारी शिदोरीचं फडकं, त्यात अर्धी भाकरी.

"आज शाळा नाई?"

"सुटी घेतली."

मी त्यांच्याजवळ बसलो. आमच्या दोघांच्या सावल्या पाण्यावर पडल्या तसे खालून मासे वर आले आणि तोंडं उघडून थांबले. वडील बघत होते. हात मांडीवरच होता.

"टाका ना, बाबा."

"नाई."

"काहून?"

"मले अंदाज नाई राह्यला आता," ते म्हणाले. "तूच तं मनलास."

मासे तसेच वर थांबले होते.

"बाबा, तुमच्या भाकरीनं नाई मेले ते," मी म्हणालो. "मीच सगळं पानी फेकून नळाचं भरलं होतं. जुनं घागरभरही ठेवलं नाई. मले आठ दिवसांतच कळलं होतं, तरी तुमाले बोललो नाई. पोरीलेही खोटंच सांगितलं. माही चूक होती, बाबा. मले माफ करा."