दात काढल्यावरची गोळी

नववीनंतर मी शाळा सोडली आणि नाशिकमध्ये एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागलो. आमच्या शेल्फवर पेशंटच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे साठत जातात. न्यायला कोणी येत नाही आणि टाकून द्यायला आमचा हात होत नाही. किस्स्यांचंही तसंच. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

दवाखाना सरांचा. त्यांची मुलगी अनघा मॅडमही आता तिथेच प्रॅक्टिस करतात. दोघांचं सगळ्यात एकमत, फक्त एका गोष्टीत नाही. दात काढला की इन्फेक्शन होऊ नये म्हणून सर सगळ्यांना अँटिबायोटिक द्यायचे. मॅडम म्हणायच्या, "धडधाकट माणसाला कशाला? ज्याला गरज त्यालाच!"

* * *

सरांचं 'सगळ्यांना' म्हणजे खरंच सगळ्यांना. एक छोटी मुलगी दुधाचा हलणारा दात दाखवायला आली होती. बाकावर बसल्या बसल्या तिने चिक्की खाल्ली आणि दात चिक्कीतच राहिला! आत येऊन तिने सरांपुढे चिक्की धरली. सरांनी चिक्की बघितली, तिचं तोंड बघितलं आणि अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, दात चिक्कीने काढलाय. फी पण तिलाच द्या!"

सर हसले नाहीत.

* * *

सटाण्याचे एक कांदा व्यापारी. मॅडमनी दाढ काढली आणि फक्त दुखण्यावरची गोळी दिली. काका खुर्चीवरून हलेनात.

"पावरनी गोयी कोठे शे?"

"पावरची गोळी लागत नाही काका. जखम आपोआप भरेल."

"मोठा डॉक्टर त देतस!"

मॅडमनी बराच वेळ समजावलं. काकांनी मान डोलावली, नमस्कार केला आणि समोरच्या मेडिकलमध्ये जाऊन स्ट्रिप घेतली. वर आम्हाला काचेतून दाखवलीसुद्धा!

* * *

एका दुपारी चहा पिताना मी धीर करून विचारलं, "सर, सगळ्यांना का देता?"

सर म्हणाले, "मालेगावची एक बाई होती. नवरा कापडाच्या लूमवर कामाला. तिच्या हृदयाची झडप बदललेली. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दात सहज निघाला. पण जखमेतून जंतू रक्तात गेले आणि झडपेवर जाऊन बसले. ताप हटेना. गेली ती."

"नवरा भांडायला आला?"

"सांगायला आला. म्हणाला, 'डॉक्टरसाब, आपका हाथ बहोत अच्छा था. दांत आखिर तक नहीं दुखा.'"

सरांचा चहा तसाच राहिला.

* * *

झडप बदललेली असेल तर मॅडमही गोळी देतातच. कळवणकडच्या एक ताई तशाच होत्या. मॅडमनी कॅप्सूल आधीच दिल्या होत्या. दात काढायच्या तासभर आधी सगळ्या एकदम घ्यायच्या.

"घेतल्या का सगळ्या?"

"निम्म्या घेतल्या. निम्म्या सासूला दिल्या. तिची दाढ लय ठणकत व्हती ना!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्याच दवाखान्यातून देऊन समोर गिळायला लावल्या आणि ताईंना तासभर बाकावर बसवलं.

* * *

मग ती कॉलेजची मुलगी. एकदम ठणठणीत. दात काढून सरांनी नेहमीसारखी गोळी दिली, तिने बाहेर बाकावरच घेतली. थोड्या वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे हे तिलाच माहीत नव्हतं. मॅडमनी इंजेक्शन दिलं. शेजारच्या हॉस्पिटलात आम्ही तिला उचलूनच नेलं. वाचली.

परत आलो तर सर पेशंटच्या बाकावर बसलेले.

"अनू, मालेगावच्या बाईला दिली नाही म्हणून ती गेली. हिला दिली म्हणून ही चालली होती."

मॅडम त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. त्या दिवसापासून सरांनी पक्कड हातात घेतलेली नाही. दवाखान्यात येतात, पेपर वाचतात, जातात.

* * *

आणि आता मागच्या महिन्यातली गोष्ट. सरांचीच दाढ काढायची वेळ आली.

मॅडमनी सगळे प्रश्न विचारले. हृदयाचा त्रास? झडपेचं ऑपरेशन? शुगर? कशाची अ‍ॅलर्जी?

"हे मला विचारतेस?"

"सगळ्यांना विचारते, बाबा."

सर म्हणाले, "नाही. नाही. नाही. नाही."

दाढ निघाली. सरांनी कापसाचा बोळा दाताखाली धरला. मॅडम हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. परत आल्या आणि सरांच्या हातात अँटिबायोटिकची अख्खी स्ट्रिप ठेवली.

सरांनी स्ट्रिपकडे बघितलं. मग मॅडमकडे.

"घ्या ना बाबा," मॅडम म्हणाल्या.

सरांनी स्ट्रिप परत मॅडमच्या तळहातावर ठेवली, त्यांची मूठ दोन्ही हातांनी मिटवली आणि खुर्चीवरून उतरले. दारापाशी जाऊन, बोळा न काढता, बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मॅडम, पुढचा पेशंट!"