कार्डावरचा भाऊ

माणसाचा चेहरा मी विसरतो, घसा विसरत नाही. डोकं आणि मान यांच्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं केल्या की असं होतं. बाजारात कुणी नमस्कार केला तर ओळख लागत नाही. त्यानं मोठी जांभई दिली की लागते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आठवड्यातला एक दिवस मी मुरबाडला माजी सैनिकांच्या दवाखान्यात बसायचो, बाकीचे दिवस सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया करायचो. मुरबाडला येणारे बहुतेक आमच्याच बाजूचे. कुणाचे कान तोफांनी गेलेले, कुणाच्या गालात तंबाखूनं जागा केलेली. मी किन्हवलीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. बाप मात्र शेवटपर्यंत एकच बजावत राहिला, "सही करताना नीट बघ रे. तुझी चूक पकडायला लय जणं टपल्यात." त्यामुळे समोर आलेल्या प्रत्येक कागदाकडे आणि माणसाकडे मी जरा तिरकंच बघायचो.

त्या दिवशी वैशाखऱ्याकडचा एक हवालदार आला. पूर्वी एकदा कानासाठी येऊन गेलेला, तोफखान्यातला. आता जिभेच्या कडेला जखम. माजी सैनिकांचं मोफत उपचाराचं कार्ड समोर ठेवलं, कार्डावरचा फोटोही तसाच. मिशी तशीच, कपाळ तसंच. खुर्चीवर बसला, पण पाठ टेकून, पाय पसरून. आमचे जवान खुर्चीच्या टोकावर बसतात. मनात पाल चुकचुकली.

मी उठून त्याच्या पाठीमागं गेलो आणि नर्सबाईंना हळूच म्हणालो, "यांना शेवटी घेऊ, सावकाश बघावं लागेल."

तो गर्रकन वळला. "शेवटी कशाला साहेब? माझी एसटी जाईल ना!"

तोफांनी कान गेलेल्या माणसाला माझी कुजबुज ऐकू आली होती.

"तोंड उघडा," मी म्हणालो. जीभ बघायच्या आधी घसा बघितला. हवालदाराच्या घशात टॉन्सिल नव्हते. भरती झाल्यावर लष्करी इस्पितळात काढलेले, आणि काढणाऱ्यानं घाईत पडजिभेचाही तुकडा उडवलेला. मागच्या वेळी त्यावरून आम्ही हसलोही होतो. या माणसाच्या घशात दोन्ही टॉन्सिल जागच्या जागी, पडजीभ अख्खी. काढलेले टॉन्सिल असे परत उगवत नाहीत.

मग जीभ बघितली. जखमेखाली बोटाला कठीण गाठ लागली. मान चाचपली, तिथल्या गाठी अजून सुजलेल्या नव्हत्या. म्हणजे वेळ होता, पण फार नव्हता.

"तुमचा भाऊ कुठाय?" मी विचारलं.

"कोण भाऊ?"

"ज्याचं हे कार्ड आहे तो."

त्यानं कार्डाकडे हात नेला, परत घेतला. मग खाली मान घालून म्हणाला, "बाहेर टपरीवर चा पितोय."

नर्सबाईंनी बोलावलेला खरा हवालदार आत आला तो ताठ. धाकट्याकडे बघून खेकसला, "काय बोललास रे तू?"

"मी काय नाय बोललो दादा. तोंड उघड बोलले, उघडलं."

मला हसू आलं, पण दाबलं. हवालदाराला जवळ बसवून मोठ्यानं सांगितलं की दुसऱ्याच्या कार्डावर मी उपचाराला पाठवणार नाही. सही माझी जाते, नोकरी माझी जाते.

त्याला हे पटतच नव्हतं. आमच्या बाजूला रीतच तशी. दोघा भावांतला एक फौजेत गेला की दुसऱ्यानं घरची भातशेती करायची, म्हातारीला बघायचं. आणि फौजेतून येईल ते, कँटीनच्या साबणापासून कांबळ्यापर्यंत, दोघांचं. त्यात चोरी आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

"मी तिकडं तोफा ओढल्या तेवा यानं माझ्या वाट्याचा चिखल केला," तो म्हणाला. "कांबळं दोगांचं, बूट दोगांचे. मंग कार्डच कसं एकल्याचं?"

"सरकारनं तुमचा चिखल नाही बघितला, हवालदार."

"मंग आमाला आता पकडून देनार तुमी?"

"कुणाला सांगणार नाही. पण याला कॅन्सर असायची फार शक्यता आहे. तुकडा काढून तपासतो, तसं निघालं तर जिभेची बाजू आणि खबरदारी म्हणून मानेतल्या बारक्या गाठीही काढाव्या लागतील. सरकारी इस्पितळात, याच्या स्वतःच्या नावावर, मी स्वतः करीन. उशीर केला तर जीभही जाईल आणि माणूसही."

धाकट्यानं मान हलवली. मला वाटलं समजलं. पण जाताना हवालदारानं टेबलावरचं कार्ड असं झटकन उचललं, जसं काही मी ते गिळणार होतो. दारातून नर्सबाईंना विचारलेलं मला ऐकू आलं, "हा डॉक्टर खरंच किन्हवलीचा का?"

पुढच्या आठवड्यात ते इस्पितळात आले नाहीत. त्याच्याही पुढच्या आठवड्यात नाहीत. माझी खात्री झाली की तेच कार्ड घेऊन ते कल्याणला कुणाकडे तरी गेले असणार, माझ्यासारखं घसे न बघणाऱ्याकडे. रागही आला, आणि त्या कठीण गाठीची बोटाला आठवणही येत राहिली.

मग एका सकाळी दोघं ओपीडीच्या रांगेत उभे दिसले. केसपेपरवर धाकट्याचं खरं नाव होतं. कुठं गेला होतात ते मी विचारलं नाही. हवालदार आपणहून म्हणाला, "दोन डॉक्टरांना इचारलं. दोगं तुमच्यासारखंच बोलले." मी चिडलो. माझ्या शिक्षणाची खात्री दोघांकडून करून घेतली होती त्यानं!

तपासणीत कॅन्सरच निघाला, शस्त्रक्रिया झाली. जिभेचा बराच भाग वाचला, मानेतल्या गाठींत कॅन्सर निघाला नाही. हवालदार रोज दाराशी उभा राहून मी ड्रेसिंग कसं करतो ते बघायचा आणि रोज विचारायचा, "वर कळवलं नाय ना?" मी रोज नाही म्हणायचो. त्याचा विश्वास कधीच बसला नाही.

टाके काढून बरेच दिवस झाल्यावर दोघं दाखवायला आले. मी धाकट्याला म्हणालो, "बोला काहीतरी, ऐकू द्या."

तो हवालदाराकडे तोंड करून, जड जिभेनं, चांगलं लांबलचक बोलला. हवालदारानं कान पुढं केला, मग माझ्याकडे वळून सांगितलं, "थँक्यू बोलतोय, सर."

"एवढं मोठं थँक्यू?"

"तेची जीभ अडखळते ना, म्हनून येळ लागतो."

अर्ध्या जिभेचं बोलणं ऐकण्यात माझी उमर गेली. मला शब्द न् शब्द कळला होता. धाकटा म्हणाला होता, "या डॉक्टरला बोल, सोताला लय शाना समजतो, आनि तू पन. पयल्याच दिवशी मला माज्या नावावर आनला असता तर एवडी घाबरगुंडी उडाली नसती."

बोलणं स्वच्छ होतं. मी पेपरवर तसं लिहिलं.