शाहूपुरीतला कॉड

आईचे उरलेले सगळे दात एकाच आठवड्यात काढले, आणि हिरड्या भरून येईपर्यंत डॉक्टरांनी तिखट बंद केले. कोल्हापुरात एवढी शिक्षा तुरुंगातसुद्धा देत नसावेत. आईने दोन दिवस दूधभात खाल्ला. तिसऱ्या दिवशी ताट सरकवले आणि सांगितले, की हे आजारी माणसाचे जेवण आहे आणि ती काही आजारी नाही. मग ती नुसत्या चहावर राहिली. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. शनिवारी डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत पोटात काही गेले नाही तर दाखल करून सलाईन लावावे लागेल.

त्याच संध्याकाळी दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते फौंड्रीच्या कामासाठी आठ महिने स्कॉटलंडला राहून आले होते. येताना त्यांनी एक ओव्हरकोट आणि पुष्कळ मते आणली. ओव्हरकोट शाहूपुरीत वापरता येत नसे. मते बारा महिने चालत.

दाजींचे म्हणणे, आईंना कॉड द्या. सायीतला कॉड आणि त्याआधी गरम सूप. तिकडच्या म्हाताऱ्या त्यावरच नव्वदी गाठतात. उद्या दुपारी आम्ही दोघेही जेवायलाच येतो, असेही म्हणाले. कृती मी कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतली. तोवर कॉड म्हणजे लहानपणी आई नाक दाबून गिळायला लावायची त्या पिवळ्या गोळ्यांतले तेल, एवढीच माझी माहिती. त्या गोळ्यांमागे एक अख्खा मासा उभा आहे, हे नवीनच होते.

रविवारी सकाळी मासळी बाजारात गेलो आणि कॉड मागितला. कोळणीने सुरीवरची नजर न काढता विचारले, असं कुठल्या गावात म्हणतात? मी स्कॉटलंड सांगितले.

"गगनबावड्याच्या घाटातनं वर येतंय तेवढंच हाय, पावणं," ती म्हणाली. "रावस घ्या की."

रावस घेतला. घरी येऊन तो उकडला, ते पाणी सूप म्हणून बाजूला ठेवले, काटे काढले. लोण्यात मैदा भाजला, दूध घातले, गुठळ्या झाल्या, त्या चमच्याने दाबून मारल्या. वर म्हशीच्या दुधाची वाटीभर साय. कृतीत लिहिले होते, मिश्रण चमच्याला धरून राहावे. माझे मिश्रण चमच्याला सोडायलाच तयार नव्हते. रंगारी भिंतीच्या भेगांत लांबी भरतात, तसे काहीतरी पातेल्यात तयार झाले होते. पण कृतीशी मी प्रामाणिक होतो, म्हणून झाकण ठेवून बाहेर दाजींच्या स्वागताला गेलो.

तेवढ्यात आक्काने स्वयंपाकघरात जाऊन झाकण उचलले. आमच्याकडे पातेल्यात पांढरे दिसले की तो पांढरा रस्सा, आणि रस्सा वाहिला पाहिजे. भावाचा रस्सा बिघडला, ही गोष्ट नवऱ्याला कळू नये म्हणून तिने मासा उकडलेले सगळे पाणी त्यात ओतले. तरी समाधान होईना, म्हणून वर तांब्याभर गरम पाणी. मी परत आलो तेव्हा सूप आणि कॉड यांचे एकत्र कुटुंब झाले होते.

दाजी जेवायला बसले. पहिला चमचा घेऊन त्यांनी डोळे मिटले. बंदरावरच्या हॉटेलात अगदी हीच चव होती, म्हणाले. कॉड लपत नाही. रावसाचे नाव काढायचे मी टाळले. मग सूप पिताना चमचा आपल्यापासून लांब कसा न्यावा, हे त्यांनी करून दाखवले. दाखवता दाखवता वाटी संपली. आक्का पापड तळत होती आणि मी त्यांच्या चमच्याची दिशा बघत होतो.

आई पलीकडच्या खोलीत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. निदान आम्हाला तसे वाटत होते.

"पावण्यांची वाटी रिकामी हाय," आतून आवाज आला. "दिसत न्हाय व्हय तुला?"

मी उठेपर्यंत ती स्वतःच आली होती. जावयाने रस्सा मागून घ्यावा, ही नामुष्की या घरात कधी झालेली नव्हती आणि आई ती दातांच्या निमित्ताने होऊ देणार नव्हती. पदर खोचून तिने पळी हातात घेतली. पण तळहातावर थेंब घेऊन चाखल्याशिवाय तिने आयुष्यात कुणाला काही वाढलेले नाही. तिने थेंब घेतला, चाखला. मीठ कमी आहे म्हणाली. मीठ घातले, ढवळले, पुन्हा तळहात. मग दाजींची वाटी काठोकाठ भरली.

"आई, हा कॉड," दाजी म्हणाले.

"असंल," आई म्हणाली. "लसूण न्हाय ह्यात. कुणी केलंय?"

मी पापडांचे ताट पुढे सरकवले. तळहातावर नीट अंदाज येत नाही असे म्हणून तिने मांडणीवरून एक वाटी काढली, अर्धी भरली आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या पिऊन टाकली. थोडा वेळ विचार केला.

"अजून मिठाचं कळंना," ती म्हणाली, आणि या वेळी वाटी पूर्ण भरून घेतली.