काकांच्या विमानाची चमक

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. कसं सांगू, ते मात्र अजून कळत नाही.

पांढुर्ण्यात माझं गाड्या रंगवायचं दुकान आहे. छोटी विमानं बनवायचा नाद मला सौंसरच्या देवराव काकांनी लावला. ते हवाई दलात मेकॅनिक होते. प्लास्टिकला खऱ्या पत्र्याची चमक कशी आणायची, ते त्यांनीच शिकवलं. आधी चकचकीत काळा रंग, तो पक्का वाळू द्यायचा, मग ॲल्युमिनियम रंगाचे अगदी पातळ हात. एखादा पत्रा जरा मंद ठेवायचा — खऱ्या विमानाचे सगळे पत्रे कुठे सारखे असतात?

पुढे काकांची नजर गेली. नुसते पुसट आकार दिसायचे. तरी त्यांनी एक विमान करायला घेतलं, तरुणपणी ज्याची देखभाल केली होती, तेच. चार महिने — बोटांनी चाचपत, रंगाच्या फवाऱ्याच्या आवाजावरून अंदाज घेत.

एका रविवारी मी सौंसरला गेलो. तोवर कोणालाही न दाखवलेलं विमान त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"खरं सांग राजू. पत्रा वाटून राहिला का?"

वाटत होता. इंजिनामागचा पत्रा तापून किंचित तांबूस पडलेला, तोसुद्धा त्यांनी साधला होता. मला धडधाकट डोळे असून असं कधी जमलं नव्हतं. मला काय वाटलं? मत्सर — दुसरं नाव कशाला शोधू?

"नाही काका," मी म्हणालो. "ओल्या रंगात धूळ बसली. राखेसारखं दिसते."

त्यांनी विमान परत हातात घेतलं. मग त्यांनी रंग काढायचं थिनर मागितलं. बाटली — मीच दिली. चिंधीने त्यांनी एक पंख पुसला, मग दुसरा. एका शब्दाने थांबले असते ना? मी खिडकीबाहेरची संत्र्याची झाडं पाहत राहिलो.

त्यानंतर त्यांनी रंगाला हात लावला नाही. गेल्या पोळ्याआधी ते वारले. तेरवीला काकू म्हणाल्या, "सारे त्यायले बरं वाटावं म्हणून गोड बोलत. ते म्हणत, आपला राजूच एक खरं बोलते."

मी मान हलवली. पानावर बसून जेवलोही.

मी पाहिलेलं सगळ्यात खरं विमान तेच. दुसऱ्या कोणाला ते दिसलंच नाही — त्यांना स्वतःलाही नाही.