फाटकवाला आणि जपानची बातमी

आमच्या ह्यांनी, म्हणजे भिमाजींनी, दौंडच्या पुढच्या रेल्वे फाटकावर सत्तावीस वर्षं काढली. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तरचा फोन यायचा. हे गाडीचा नंबर परत म्हणून दाखवायचे, फाटक लावायचे, मग आपल्या कागदावरचा गुप्त नंबर द्यायचे. तो मास्तरनं लिहून घेतल्याशिवाय फाटक लागलं असं कुणी धरायचं नाही. आता आम्ही मांडवगण फराट्यात असतो, पण खोड गेलेली नाही. मी 'चहा ठेवलाय' म्हटलं तरी हे उठून पातेलं बघून येतात.

आमची नात प्राची जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला आहे. आठ महिने झाले. त्या गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. मागल्या महिन्यात टीव्हीवर एक बाई ओरडायला लागली, की तिथं परदेशी पोरांना घराबाहेर ओढतायत. मागं आग, खाली त्याच गावाचं नाव. प्राचीच्या आईचे, म्हणजे सूनबाई सविताचे हात पिठातच राहिले.

"आबा, तिला म्हणावं मिळंल त्या विमानानं निघ."

निघाली की काम गेलं, परत घेणार नाहीत. फोन लावला. "जय भीम आबा, सगळं ठीक हाय," म्हणाली. पण ही पोरगी शाळेत पाय मोडला तवाही ठीकच हाय म्हणाली होती. टीव्हीचा भरवसा नाही, पोरीचाही नाही.

हे ओसरीवर मोबाईल आणि जुना शब्दकोश घेऊन बसले. जपानच्या इंग्रजी बातम्या. ह्यांचं इंग्रजी मालगाडीच्या चालीचं. तीन ठिकाणी निघालं, की परदेशी लोक जीव मुठीत धरून आहेत.

"तिघं सांगत्यात की वो!" सविता रडायलाच लागली.

"थांब. फोटू एकच, वाक्यंबी तीच. ही तीन स्टेशनं न्हाईत, एकाच मास्तरचे तीन फोन हायत."

चौथ्यानं लिहिलं होतं, सगळं शांत. तो सरकारच्या बाजूचा निघाला. "हा तर गाडी जायच्या आधीच फाटक उघडा म्हणतोय."

"तुमचं खरं-खोटं व्हईस्तवर पोरगी तिथं..." मी बोलले. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या गावच्याच छोट्या पेपरचं इंग्रजी पान सापडलं. साठेक माणसांचा मोर्चा बाजारातनं गेला, तासाभरात पांगला. एका खानावळीची काच फुटली. आगीचं नावही नव्हतं. पण शेवटी लिहिलं होतं, बाहेरच्या कामगारांनी काही दिवस एकट्यानं फिरू नये. आता बरं वाटून घ्यावं का भ्यावं, मला कळेना.

ह्यांनी फोन लावला. "प्राची, मोर्चा बाजारातनं गेला तवा तू कुठं हुतीस?"

"आबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू सांग."

ती खानावळीसमोरच्या दुकानात होती. काच तिच्या डोळ्यांदेखत फुटली. दुकानवालीनं शटर ओढून तिला आत बसवलं. सांगता सांगता रडली. सविता ह्यांच्या हातातला फोन ओढायला लागली.

"घरी येतीस?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई आबा. इथली एक आज्जी माझ्याशिवाय कुणाच्या हातनं खात न्हाई. पण ठीक हाय का, असं नका विचारू. आत्तासारखं विचारत जावा."

आता रोज चार वाजता तिचा फोन येतो. तिथं तेव्हा अंधार पडलेला असतो. कुठल्या रस्त्यानं आलीस, सोबत कोण होतं, असं हे तिला विचारतात, परत म्हणून दाखवतात आणि वहीत लिहितात. मग मी चहा गाळते.

काल फोन अकरा मिनिटं उशिरा आला. तोवर चहा आटून पातेलं करपलं. वास ओसरीपर्यंत गेला, तरी हे बघायला उठले नाहीत. मीही नाही.