फळ्यांखालचा हौदा

शेवटच्या भेटीत मी अण्णावर खेकसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला साळसूदपणाचा आव आणता येणार नाही. संक्रांतीच्या आदल्या रविवारी हुलसूरला गेलो होतो. थोरला भाऊ खाटेवर. उजवं अंग लुळं पडून दीड वर्ष झालेलं, जीभ जड. मी चहा पिऊन उठलो तसं त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि विचारलं, “माधू, फळ्या उचललास का?” मी म्हणालो, “किती बार सांगू अण्णा? उचललो म्हणून सांगितलो न्हाई का?” आणि हात सोडवून घेतला, कारण भालकीची बस सुटायची होती. बुधवारी शाळेत तिसरा तास चालू असताना शिपाई दाराशी आला... मी काय शिकवत होतो ते आठवत नाही. बसमध्ये बसल्यावर पाहिलं, मुठीत खडूचा चुरा झाला होता.

सहा आठवडे झाले. मला एका जागी बसवत नाही. वहीत दोन ओळी लिहितो, उठतो, अंगणात जाऊन येतो. बायको म्हणते, कामून असं करायलाव, भाऊ सगळ्यांचेच जातात. तिला काय सांगू? भाऊ गेला याचं दुःख आहेच, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी आहे, आणि तेच मला बसू देत नाही.

अण्णानं विचारलेल्या फळ्या म्हणजे त्याच्या पिकअपच्या हौद्यातल्या बाभळीच्या नऊ फळ्या. ही गाडी त्यानं सरकारी लिलावातून घेतली तेव्हा आमचं राज्य अजून म्हैसूरच होतं. पुढं राज्याचं नाव बदललं, पण नंबरातली म्हैसूरची अक्षरं शेवटपर्यंत तशीच राहिली. तिच्यातून त्यानं काय नेलं नाही? शहाबादी फरशी, गुळाच्या ढेपा, तुरीची पोती, नव्या नवऱ्यांच्या ट्रंका. इंजिन कुणीही बांधून देतो, हौदा सडला की गाडी संपली, असं त्याचं म्हणणं. म्हणून हौद्यात माल ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. फरशी आडवी टाकायची नाही, कडब्याच्या पेंढ्यांत उभी करायची. आणि खिळे मारलेल्या चपला घालून कुणी वर चढायचं नाही. एकदा लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं, तर नवरदेवाच्या मामाला त्यानं भर रस्त्यात चपला काढायला लावल्या. मामा रुसला, खालीच उभा राहिला, पाऊण तास मुहूर्ताची बोंब. शेवटी मामाच चपला हातात धरून वर चढला. गावात अण्णाच्या गाडीला देऊळ म्हणायचे, आणि मी त्यात सगळ्यांच्या पुढं.

हे शहाणपण त्याला एकदम आलं नव्हतं. पहिल्या वर्षी पत्र्यावर चरे पडू नयेत म्हणून त्यानं फळ्यांखाली तागाच्या गोण्या अंथरल्या, चांगल्या दुहेरी. पावसाळाभर वर माल, खाली मऊ गादी, अण्णा खूश. दसऱ्याला गोण्या काढल्या तर त्या तांबड्याभडक, आणि त्यांच्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे निघाले. चरा एक पडला नव्हता, पण गोण्यांनी चार महिने पाणी धरून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यानं सडकेच्या कामावरचं डांबर आणून हौद्याला फासलं. चैत्राच्या उन्हात ते वितळलं, फळ्यांच्या फटींतून वर आलं आणि गुळाच्या ढेपांना चिकटलं. कमलापूरच्या बाजारात व्यापाऱ्यानं काळी ढेप नाकाशी धरून विचारलं, हा गूळ खायचा का सडकेवर टाकायचा? मी बरोबर होतो. हसू आवरेना म्हणून गाडीमागं जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या वर्षी त्यानं खरी गोष्ट ओळखली. झाकून ठेवलं म्हणजे राखलं असं होत नाही; लोखंडाला वारा लागला पाहिजे. फळ्यांखाली त्यानं आडव्या पट्ट्या ठोकल्या, पाणी वाहून जायला कोपऱ्यांत भोकं पाडली. दरसाल खंडेनवमीला, हार-नारळ व्हायच्या आधी, नऊच्या नऊ फळ्या बोल्ट काढून उचलायच्या, तारेच्या ब्रशानं पत्रा खरवडायचा, लाल रंगाचे दोन हात द्यायचे आणि तो वाळला की वरून उकळलेलं जवसाचं तेल. दोन-तीन दिवस आधीपासून घरभर तो वास. रंगाचा एक ब्रश त्याचा, एक माझा. मी कुरकुरत करायचो, पण करायचो. वीस वर्षांत आम्ही दोघं जे काही बोललो असू, त्यातलं निम्मं त्या हौद्यात उकिडवे बसून बोललो. माझं लग्न त्यानं तिथंच ठरवलं, आणि बाप गेल्यावर तो एकदाच रडला तेही तिथंच, मान खाली घालून, खरवडत.

मग त्या श्रावणात त्याचं उजवं अंग गेलं. गाडी पत्र्याच्या शेडात उभी राहिली. सुट्टीच्या दिवशी मी ती काढायचो, शेताचं काहीबाही आणायला. भाद्रपदात बसवकल्याणहून खताची पोती आणताना पावसानं गाठलं. एक पोतं फुटलं होतं. खत विरघळून फळ्यांच्या फटींतून खाली गेलं. लोखंडाला मिठासारखंच ते. त्याच दिवशी फळ्या उचलून धुवायला हवं होतं. मला ठाऊक होतं हो, अण्णाचाच भाऊ मी! पण भिजलो होतो, कंटाळलो होतो, दसऱ्याला बघू म्हटलं. दसऱ्याला आलो तर हातात एकच दिवस. बोल्ट गंजून बसलेले. एक फिरवून पाहिला, हलेना. पाना ठेवला, गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि फळ्यांना वरूनच हळदकुंकू लावलं. आत जायच्या आधी मात्र मी एक काम केलं. कोनाड्यातल्या डब्यातल्या जवसाच्या तेलात मी चार बोटं बुडवली.

अण्णानं विचारलं, उचललास का? मी म्हणालो, व्हय अण्णा, दोन हात दिलो. त्यानं माझा हात ओढून नाकाशी नेला, वास घेतला आणि म्हणाला, “बरं झालं.” पुढच्या वर्षीही तेच. तोच डबा, तीच चार बोटं. तेव्हा तर बोल्टला पानाही लावला नाही. हात नाकाशी नेऊन तो माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिला. मला वाटलं, आजारी माणूस, दिसत नसेल नीट.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाली, गाडी शेडात ठेवून काय करू, भालकीचा भाजीवाला घेतो म्हणतोय, त्याला हौदा उघडून दाखव. तो यायच्या आदल्या दिवशीच मी पाना, हातोडा आणि रॉकेल घेऊन शेडात गेलो. नुकसान काय झालंय ते आधी एकट्यानं बघावं, एवढाच विचार. मागच्या फाळक्याकडचा पहिला बोल्ट हातानं फिरला. दुसराही. तेल दिलेले होते ते. पहिल्या तीन फळ्या सहज निघाल्या आणि खाली लाल रंग... दोन हातांचा, वर तेलाची साय. पण रंग असा की माझ्या वर्गातल्या पोरानंही बरा दिला असता. फटकारे उलटसुलट, कुठं थर, कुठं नुसता पुसट, कडेला ओघळ. उजव्या हाताच्या माणसानं डाव्यानं दिलेला रंग. पुढच्या सहा फळ्यांचे बोल्ट तोडावेच लागले. त्यांच्याखाली पत्रा उरला नव्हता म्हटलं तरी चालेल. एका ठिकाणी आरपार शेडातली माती दिसत होती.

वहिनी दारात येऊन उभी होती. तीच बोलली. पहिल्या दसऱ्यानंतर आठ दिवसांनी त्यानं तिला शेडात न्यायला लावलं होतं. तिनं फाळका पाडला, त्याला धरून काठावर टेकवलं, गंजलेले बोल्ट रॉकेल सोडून तिनंच काढले. तीन फळ्यांपुढं त्याचा हात पोचेना. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिनं म्हटलं होतं, भाऊजींना बोलवू का? तर नको म्हणाला.

“मग मला दर खेपेला कामून विचारायचा, वहिनी?” मी म्हणालो. “माझी चोरी धरायला?”

“न्हाई ओ,” ती म्हणाली. “माधू एकदा न्हाई म्हणू दे, मग दोघं बसून करू, असं म्हणायचे. तेवढ्यासाठी विचारायचे.”

मी तिथंच हौद्यात बसलो. तो विचारत होता तेव्हा मला फक्त ‘न्हाई’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. रविवारी मनगट धरलं तेव्हासुद्धा वेळ होती.

भाजीवाल्याला मी खरं सांगितलं, तो आल्या पावली परत गेला. आता दर रविवारी मी हुलसूरला जातो. सडलेला पत्रा कापून नवा जोडून घेतलाय, त्याला दोन हात दिलेत. त्या तीन फळ्यांखालच्या रंगाला मात्र ब्रश लावला नाही, त्याच्यावर नुसतं तेल देतो. काम झालं की घरात जातो. अण्णाची खाट आता भिंतीला उभी केली आहे. हात धुवायच्या आधी मी तिच्यासमोर उभा राहतो, आणि वहिनी स्वयंपाकघरात भांडी वाजवत असते तेवढ्यात म्हणून घेतो, “न्हाई अण्णा. दोन वर्षं उचललो न्हाई.” मग जरा वेळ हात पुढं धरून उभा राहतो.