दोन साडू, दोन सायकली आणि धोंड्याचं जेवण

लिंबू-मिरचीमुळे हवेला किती अडथळा होतो, हे कोणत्याही सायकल कंपनीने आपल्या माहितीपत्रकात छापलेलं नाही. त्यामुळे नांदेडला माझ्या अंगणात, नीट उजाडलेलंही नसताना, माझा साडू शिवराज मला तेच विचारत उभा होता.

"दादा, हे काढा. एवढी लाखमोलाची हवा कापणारी सायकल, आन् तिच्या पुढं लिंबू लोंबतंय."

"सुनंदानं बांधलंय. तिच्या माहेरी पोचल्यावर ती आधी ते बघेल, मग मला."

शिवराज लातूरच्या एका शिकवणीवर्गात भौतिकशास्त्र शिकवतो. सायकलींची परीक्षा बरोबरीच्या अटींवर व्हायला हवी, असं त्याचं मत पडलं. त्याने शेजारच्या टपरीवरून लिंबू-मिरचीची माळ आणली आणि स्वतःच्या सायकलला बांधली. माळेत मिरच्या सारख्याच आहेत ना, हेही त्याने पाहून घेतलं.

आता हा काय प्रकार होता ते सांगतो. माझं नांदेडला औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखवल्यावर मी सायकल घ्यायचं ठरवलं आणि साध्या सायकलीपासून सुरू झालेली चौकशी शेवटी एका काळ्या एअरो सायकलीपाशी थांबली. एअरो म्हणजे वारा अंगावरून घसरून जावा अशा बेताने चपट्या नळ्यांची घडवलेली. महिन्याभरात शिवराजने दुसऱ्या कंपनीची लाल एअरो सायकल परदेशातून मागवली. मग घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो, आकडे आणि टोमणे सुरू झाले. मी लिहिलं की लाल रंग दुरून उठून दिसतो, तेवढाच त्याचा उपयोग. त्याने लिहिलं की काळी सायकल वेगाने जाते, पण उतारावर. इथवर ठीक होतं. पुढे माझी बायको सुनंदा आणि तिची धाकटी बहीण मंगल, म्हणजे शिवराजची बायको, आपापल्या नवऱ्याच्या बाजूने उतरल्या, आणि सायकलींवरून निघालेली गोष्ट लहानपणी कुणाला नवं परकर-पोलकं मिळालं आणि कुणाला जुनं, इथपर्यंत गेली. त्या दिवसापासून बहिणी बोलेनाशा झाल्या.

एरवी रोज दुपारी जेवण झालं की सुनंदाचा फोन वाजायचा आणि तासभर मंगलशी हसणं चालायचं. आता ती फोन उताणा ठेवून नुसती त्याच्याकडे बघत बसायची. मला फार वाईट वाटायचं. पण मी काय बोलणार? भांडण माझ्याच सायकलवर बसून आलं होतं.

त्यातच अधिक महिना लागला. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे (पुरण भरून उकडलेले गोळे, वर साजूक तूप) खाऊ घालतात, कपडे-दिवा देतात. सासूबाईंनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. मुली दोन दिवस आधीच माहेरी गेल्या होत्या आणि एकाच स्वयंपाकघरात "आई, तिला सांग मीठ इकडं दे" अशा मार्गाने बोलत होत्या, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या. मग आम्ही दोघांनी ठरवलं की शिवराजने आदल्या रात्री सायकल घेऊन माझ्याकडे यायचं, नांदेडहून सासरवाडीला सायकलनेच जायचं, वाटेत कोणती सरस ते एकदाचं ठरवायचं आणि वाद मिटवून टाकायचा. वाद मिटला तरी एक बहीण हरणारच, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर उजेड पसरत होता. सिडको मागे पडलं आणि पश्चिमेचा वारा समोरून लागला. शिवराज वाकून, कोपरं आत घेऊन, कंपनीच्या चित्रातल्यासारखा चालला होता. मी वाकायला गेलो की पोट मांड्यांना लागायचं. माहितीपत्रकात या अडथळ्याचाही उल्लेख नव्हता.

लोह्याला चहासाठी थांबलो. असल्या सायकलींना स्टँड नसतो, म्हणून त्या हॉटेलच्या भिंतीला टेकवल्या. हॉटेलवाले मामा ओल्या हातांनीच बाहेर आले.

"स्टँड न्हाई?"

"नाही."

"घंटी?"

"नाही."

"कॅरेज बी न्हाई. मग हाय काय ह्यात?"

शिवराजने त्यांना समजावलं की ही सायकल हवा कापते. मामांनी लाल सायकलीच्या नळीवरून हात फिरवला, काळ्या सायकलीवरून फिरवला आणि आमच्या घामाने भिजलेल्या तोंडांकडे पाहिलं.

"हवा कापून काय करता? येऊ द्या की अंगावर. उन्हाळा लई हाय."

चहा चांगला होता. वेगाचा विषय तिथे कुणी काढला नाही.

माळाकोळीच्या पुढे रस्ता चढ-उतार घेऊ लागतो. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, मधूनच एखादं कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली म्हशी. एका उतारावर आम्ही शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. दोघांनी एकाच वेळी पायडल सोडायचं आणि कोण लांब जातं ते बघायचं. मी पुष्कळ पुढे गेलो. काळी जिंकली म्हणून मी हात वर केला, तेव्हा शिवराज शांतपणे म्हणाला, "दादा, उतारावर वजन कामाला येतं. हे सायकलचं श्रेय न्हाई." शिक्षकाबरोबर प्रवास करू नये.

अहमदपूरला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-शेंगदाण्यांची फोडणी) खाल्ला आणि ठरल्याप्रमाणे सायकली बदलल्या. तो काळीवर, मी लालवर. सीटची उंची खालीवर केली. निघताना शिवराज म्हणाला, "ध्यानात ठेवा, माझी बाहेरून आलेली हाय. पुढचा ब्रेक डाव्या हाताला." मी मान हलवली. माझ्या काळीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे, आणि हातांना मान हलवलेली कळत नाही.

लाल सायकलवर बसल्यावर मला काय वाटलं, ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की मी वाऱ्याला शिव्या द्यायच्या थांबवल्या. मागे वळून पाहिलं तर शिवराजही काळीवर बसून गप्प होता. सकाळपासून आकडे सांगणारा माणूस गप्प झाला की समजावं.

चाकूर मागे पडलं आणि तिथून थोड्याच अंतरावर एक शेळी रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. मी सवयीने, मागचा ब्रेक समजून, डावा हात घट्ट आवळला. लाल सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही.

शुद्धीवर होतो, पण नांगरटीच्या ढेकळांत पालथा पडलेलो. हनुवटी फुटली होती, डावं मनगट सुजायला लागलं होतं, सायकल बाजूला आडवी होती आणि लिंबू रस्त्यावर एकटंच घरंगळत चाललं होतं. चार माणसं धावत आली. शेजारून सासरवाडीकडे जाणारी एसटी गेली, तिच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या आणि एसटी निघून गेली. शिवराज धापा टाकत पोचला. त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि सायकलकडे बघितलंसुद्धा नाही. त्या क्षणी तो मला सख्ख्या भावासारखा वाटला.

माझा फोन फुटला होता. त्याचा फोन पहाटेपासून आमचा वेग, चढ, उतार आणि हृदयाचे ठोके मोजता मोजता संपला होता. घरी कळवायला आमच्याकडे एवढी माहिती असूनही साधन नव्हतं. शेवटी कडब्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने दोन्ही सायकली एकेका हातात उचलून कडब्यावर ठेवल्या.

"इतकी हलकी? मग मोडली कशी न्हाई?"

"ती मोडत नाही," मी कण्हत म्हणालो.

"हाव, तुम्हीच मोडलेले दिसून राहिलात."

चाकूरच्या दवाखान्यात हनुवटीला टाके पडले आणि त्यात बराच वेळ गेला. टेम्पोवाला थांबून राहिला. पुढे निघाल्यावर शिवराज म्हणाला, "दादा, दोन्ही सारख्याच, असं सांगू या." मी म्हणालो, "तेच सांगायचं." वाक्य दोघांनी दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं.

सासरवाडी शिरूर अनंतपाळच्या अलीकडे, फाट्यापासून आत आहे. टेम्पो फाट्यावर वळला आणि आम्ही चकित झालो. रणरणत्या उन्हात दोघी बहिणी तिथे उभ्या होत्या. मंगल रडत होती. सुनंदाने तिला एका हाताने कवेत घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावर पदर धरला होता.

झालं होतं असं: त्याच एसटीतून आलेल्या गावातल्या एका माणसाने घरी सांगितलं की तुमचा लाल सायकलवाला जावई रस्त्याकडेला पालथा पडलाय, उठत नव्हता. लाल सायकल कुणाची, हे त्या घरात लहान पोरालाही पाठ होतं. मंगल चुलीपाशीच खाली बसली. तिला उठवलं ते सुनंदाने. पायात चप्पल न घालता ती तिला घेऊन फाट्यावर आली होती आणि तेव्हापासून एकच बोलत होती, त्यांना काही झालेलं नाही.

टेम्पोचं दार उघडून आधी शिवराज उतरला, धडधाकट. मंगलने त्याच्याकडे पाहिलं आणि रडता रडता हसली.

"बघ! मी म्हणत नव्हते? काय झालेलं न्हाई त्यांना!" सुनंदा आनंदाने तिला गदागदा हलवत म्हणाली. माझी तिला आठवणच नव्हती.

मग मी उतरलो. हनुवटीला पट्टी, डावा हात गळ्यात बांधलेला, पँट फाटलेली. सुनंदाने मला पाहिलं, कडब्यावरची लाल सायकल पाहिली, पुन्हा मला पाहिलं.

"तुम्ही होता?" ती म्हणाली. "इतका वेळ... ते तुम्ही होता?"

आणि तासभर दुसरीला उभं करून धरणारी माझी बायको मटकन खाली बसली. आता मंगल वाकली आणि तिने तिला कवेत घेतलं. "अक्का, उभे हाईत की दाजी. अक्का, बघ तर. चालून आलेत."

दोघी एकमेकींना धरून रस्त्यात बसल्या होत्या. आम्ही दोघं "दोन्ही सारख्याच" हे वाक्य तोंडात धरून उभे होतो. ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

संध्याकाळी पाटावर बसवून सासूबाईंनी दोघांना ओवाळलं. धोंड्यांवर तूप वाढताना त्या म्हणाल्या, "जावईबापू, लिंबू-मिरची होती म्हणून एवढ्यावर निभावलं." कोणती सायकल जिंकली, हे कुणीच विचारलं नाही. स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं ऐकू येत होतं आणि ते आमच्यावरच होतं.

दुसऱ्या दिवशी लातूरला जाऊन मनगटाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. तिथून सुनंदा आणि मी एसटीने परतलो. काळी सायकल टपावर, आणि चांदीचा दिवा, अनारशांचा डबा नि नवे कपडे माझ्या मांडीवर, कारण सायकलला कॅरेज नाही. लोह्याला गाडी थांबली तेव्हा तेच मामा चहाचे ग्लास घेऊन खिडकीशी आले. त्यांनी टपाकडे पाहिलं, माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि चहा दिला.

आता शिवराजचा अधूनमधून फोन येतो. "खरं सांगा दादा, कोणती चांगली?" मी सांगतो, दोन्ही सारख्याच. मी त्याला विचारलं की तोही तेच सांगतो. आम्ही दोघंही खोटं बोलतो आणि दोघांनाही ते माहीत आहे. खरं उत्तर ओठांवर येतं, पण तेव्हा बहुधा दुपार असते, जेवणं झालेली असतात आणि आतल्या खोलीत सुनंदा फोन कानाला लावून हसत असते. मी दार हळूच ओढून घेतो आणि शिवराजला पुन्हा सांगतो, अगदी सारख्या.